एक काना पाणी

चन्नवीरला काय मिळणार होतं ते आधी मांडून ठेवलेलं बरं. नाहीतर पुढं त्याची कीव यायला लागते आणि बेरीज चुकते. मिळणार होती एक खुर्ची. वेताच्या बैठकीची, दोन्ही बाजूंना हात असलेली, पाटबंधाऱ्याच्या कचेरीत खिडकीला लागून ठेवलेली. तिच्यात बसणारे हेडक्लार्क दिवाळी झाली की निवृत्त व्हायचे होते, आणि चन्नवीर गेली चौदा वर्षं बिनहाताच्या खुर्चीत बसत होता. हात टेकायला जागा नसली की माणूस पुढं वाकून बसतो, आणि वाकून बसलेल्या माणसाला जो येतो तो 'अहो जरा' म्हणून हाक मारतो, हे त्याचं स्वतःचं निरीक्षण. दसऱ्यानंतर टूरवर निघताना साहेब घोड्यावर बसता बसता म्हणाले होते, "मोहोळहून मी शनिवारी येईन. तोवर मला तार करून सतावू नका. विचारत बसतो तो कारकून, न विचारता चालवतो तो हेडक्लार्क. मला एकच नाव वर पाठवायचंय." आणि रिकीब सापडल्यावर जाता जाता, जणू हवेला उद्देशून, "तलाव यंदा एकवीस फूट झाला तर रिपोर्टात वाचायला बरं वाटेल." पुढं लगेच, "पण काठाला लोकांनी पेरलंय. दवंडी दिल्याशिवाय फळ्यांना हात लावायचा नाही." दोन वाक्यं, दोन तोंडं. साहेबांचा घोडा मात्र एकाच दिशेनं गेला.

फळ्यांची गोष्ट अशी की शहराच्या उत्तरेला सहा मैलांवर नागझरीचा तलाव. ओढ्याला आडवा मातीचा बांध, बांधाच्या एका टोकाला दगडी सांडवा; तलाव वीस फूट भरला की वरचं पाणी त्यावरून निघून जातं. सांडव्याच्या माथ्यावर दगडी खांब, खांबांना खाचा, आणि खाचांच्या वर दोरखंडानं टांगलेल्या सागवानी फळ्या. दोर सोडले की फळ्या आपल्या वजनानं खाचेत उतरतात आणि वीस फुटांचा तलाव साडेएकवीस फुटांचा होतो. हे दीड फूट सोलापूरला उन्हाळ्यात दोन महिने पुरतं. तेच दीड फूट वरच्या अंगाला काठाकाठानं पसरतं, आणि तिथं सरकारची गाळपेर जमीन आहे. पाणी उतरलं की उघडी पडणारी, काळीभोर, सालासालाच्या बोलीनं कसायला दिलेली. तीन वर्षं तलाव भरलाच नव्हता. लोक धीट होत होत पार वीसच्या रेघेपर्यंत शाळू पेरून बसले होते. आणि चौतीस सालच्या त्या चित्रा नक्षत्रात तलाव वीसला येऊन टेकला. गुरुवारी दुपारी टेलिफोन वाजला तेव्हा कचेरीत चन्नवीर एकटा होता, आणि त्यानं जो एक शब्द उच्चारला त्यात त्याचं चारही बाजूंनी भलं होतं. पाऊस आला आणि फळ्या खाली असल्या, तर एकवीस फूट: वेळेवर हुकूम कुणी दिला? चन्नवीरनं. पाऊस आला आणि फळ्या वरच असल्या, तर शेतं वाचली: कुणामुळं? चन्नवीरमुळं. पाऊस आलाच नाही, तर फळ्या वर असोत की खाली, कोण विचारतो? असा शब्द मराठीत एकच आहे आणि तो त्याला त्या घडीला सुचला, यात त्याच्या हुशारीचा वाटा किती आणि जिभेचा किती, हे तो पुढं पुष्कळ दिवस मोजत राहिला.

मोजणं सुरू झालं ते सोमवारी संध्याकाळी. कचेरीतून परतताना शुक्रवार पेठेच्या तोंडाशी गोटीच्या बाटल्यांची गाडी उभी होती. ती रोजच उभी असायची. गाडीवाला ओरडला, "सोडाऽऽ!" आणि त्याच क्षणी त्यानं अंगठ्यानं बाटलीतली गोटी खाली दाबली. ठाप्‌. चन्नवीरच्या बगलेतली फाइल सुटून रस्त्यावर पडली. कागद टांग्याच्या चाकापर्यंत गेले. गाडीवाला हसला. "क्या हुआ अप्पा? गोली बाटली में गिरी, तुम्हारे पे नै गिरी." चन्नवीरनं वाकून एकेक कागद उचलला. वाकलेला असतानाच त्याला वाटलं की फळी खाचेत पडते तेव्हा अस्साच आवाज होत असेल. लाकूड दगडावर, आणि मग काही नाही. तो आवाज त्यानं चौदा वर्षांत एकदाही ऐकला नव्हता. फळ्या किती, लांबी किती, डांबर कोणत्या महिन्यात दिलं, सगळं त्याच्या अक्षरात लिहिलेलं होतं. आवाज कुठल्या रकान्यात लिहिणार? कागदांमध्ये वरच शुक्रवारचा होता. 'सकाळी सात वाजता पाणी एकवीस फूट दोन इंच.' अक्षर सुंदर होतं. ओळीओळींत सारखं अंतर. ही ओळ लिहिताना टेलिफोनमधून मायाप्पाचा आवाज येत होता, सपाट, दगडावरून पाणी गेल्यासारखा: "तुमी सांगितल्यापरमानं."

मायाप्पा सांडव्याचा राखणदार. जातीनं धनगर, साठीला आलेला, बावीस वर्षं बांधावरच्या दगडी खोपटात राहणारा. त्याला लिहिता येत नव्हतं पण पट्टी वाचता यायची. पट्टी म्हणजे पाण्यात उभा केलेला, फूट-इंच रंगवलेला खांब. सकाळ-संध्याकाळ ती वाचून तो टेलिफोनचं हँडल फिरवायचा आणि आकडा सांगायचा. यंत्रावर त्याचा विश्वास नसल्यामुळं सहा मैलांचं अंतर तो स्वतःच्या गळ्यानं कापायचा. गुरुवारी दुपारी मात्र तो हळू बोलला होता. "अप्पा, मी मायाप्पा. वरच्या अंगाला लई काळं झालंय. पानी वीसला टेकलंय. फळ्यांचं काय करू?" चन्नवीरनं खिडकीबाहेर बघितलं होतं. कचेरीच्या अंगणात स्वच्छ ऊन, उन्हात पट्टेवाल्याचं धुतलेलं धोतर. खिडकीशी ती खुर्ची रिकामी. हेडक्लार्क नातवाच्या जावळाला गेलेले. तिच्या हातांवरचं रोगण चौदा वर्षांच्या कोपरांनी उडालेलं. रिसीव्हर कानाला गार लागत होता. "काय करू, अप्पा? दवंडी झाली न्हाय अजून. काठाला समदं शाळू हाय." आणि चन्नवीर म्हणाला, "सोडा." तिकडून, "आं?" "फळ्या सोडा म्हणालो." मध्ये तारेवर नुसती खरखर. मग मायाप्पा, एकेक अक्षर तोलून, "सोडा म्हनतासा?" "हो." आणि चन्नवीरनं रिसीव्हर अडकवला. एवढंच. सोडा म्हणजे जाऊ द्या, नाद सोडा, आहे ते राहू द्या. कोणीही शहाणा माणूस दवंडीच्या बोलण्यावर 'सोडा' ऐकून हेच समजेल. आणि सोडा म्हणजे दोर सोडा, खाली उतरवा. सांडव्यावर बावीस वर्षं घालवलेला माणूस दुसरं काय समजणार? हे दोन्ही अर्थ त्या क्षणी चन्नवीरला दिसले होते का? इथं त्याचं मन नेहमी अडायचं. दिसले नव्हते असं म्हणावं तर ते ऊन, ते धोतर, खुर्चीचं उडालेलं रोगण इतकं लख्ख कसं आठवतं? माणूस घाईत असला की रोगण बघत नाही.

घराच्या जिन्यात अंधार आणि ओल होती. त्याच्या बायकोनं, दाक्षायणीनं, तांब्या पुढं केला. "आज नळ दहा मिनिटं जास्त होता बघा. शेजारची म्हणाली, तलाव उतू चाललाय म्हणे. दोन घागरी जादा भरल्या." तिनं हे आनंदानं सांगितलं. तांब्यातलं पाणी किंचित गढूळ होतं, किंवा त्याला तसं वाटलं. तो पायरीवर बसला आणि चुळा भरल्यासारखं करून त्यानं ते पाणी मोरीत ओतून दिलं. दाक्षायणीची नजर कुठं असते हे तिलाच माहीत, पण ती काहीही सुटू देत नाही. "पाणी ओतायला काय झालं? आजपासून आपण इनामदार का?" पानावर बसला तरी भाकरीचा तोच तुकडा बोटांत फिरत राहिला. शेवटी ती म्हणाली, "सोडा आता ते कचेरीतलं. जेवा." त्यानं मान वर केली. "काय म्हणालीस?" "जेवा म्हणाले." "त्याआधी." "सोडा म्हणाले." "म्हणजे काय?" आता तिनं परात खाली ठेवली. "म्हणजे काय म्हणजे? नवऱ्याला 'सोड' म्हणू का? लाज सोडली नाही अजून." मग त्याचा चेहरा बघून जरा मऊ होऊन, "आणि सोडलं तरी जाणार कुठं तुम्ही? फार तर त्या हाताच्या खुर्चीत. तिच्यासाठी मी उशी शिवायला घेतलीय. वेत बोचतो म्हणतात." उशीचा अभ्रा कोनाड्यात होता. इरकली खणाचा, जुन्या चोळीचा उरलेला तुकडा. त्याच्यावर सुई खोचलेली, आणि सुईत दोरा.

साहेब त्याआधी, शनिवारी, टूरवरून आले होते ते सुरुवातीला खुशीतच आले. "एकवीस! शाबास, चन्नवीर." एवढं म्हणून हातमोजे काढतायत तोच काठच्या गावचे पाटील चार माणसांसह पायऱ्या चढून वर आले. एकाच्या हातात शाळूची रोपं होती, मुळासकट, चिखल गळत असलेली. ती त्यानं साहेबांच्या टेबलावर नाही, फरशीवर ठेवली. अदबीनं, नैवेद्य ठेवावा तशी. पाटील म्हणाले, कलेक्टरसाहेबांकडे जायचं का इथंच मिटवायचं, तेवढं सांगा. साहेबांनी फळ्या तात्काळ वर काढायला सांगितल्या आणि तेव्हा कळलं, म्हणजे चन्नवीरला कळलं, साहेबांना माहीतच असणार, की पाणी एकदा फळीला रेलून उभं राहिलं की फळी खाचेत आवळून बसते. घालायला एक माणूस आणि एक दोर. काढायला वीस माणसं लागली तरी ती तसूभर हलत नाही. पाणी आपण होऊन उतरेल तेव्हाच. कालव्याचं तोंड पुरं उघडलं तरी दिवसाला तीन इंच. साहेबांनी बोटांवर मोजलं, पाटलांनीही मोजलं, दोघांचं उत्तर एकच आलं. शाळू तोवर कुजणारच होता; कालवा मग उघडलाच नाही. साहेब खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "हुकूम माझा नव्हता. माझा नव्हता, तर मग कुणाचा?" आणि मंगळवारी सकाळी बांधावर चौकशी ठरली. चन्नवीरकडे कुणी बघितलं नाही. न बघणं इतकं ठरवून केलेलं होतं की त्याला मानेवर ऊन लागल्यासारखं झालं.

चौकशी म्हणजे दोन जणांपैकी एक जाणार. मायाप्पा गेला तर बांधावरचं खोपटं जाणार. चन्नवीर गेला तर खुर्ची, आणि कदाचित बिनहाताचीही. हे इतकं सरळ होतं की सोमवारच्या रात्री त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतं, तरी तो विचार करत राहिला. पहाटे डोळा लागला तेव्हा त्याला पाण्यात उभी असलेली टाच दिसली. त्याची स्वतःचीच. अक्कलकोटच्या पलीकडे त्यांचं गाव, मोटेची विहीर एक आणि वाटणीदार दोन, त्याचे वडील आणि चुलते. मोट ओतली की पाणी पाटानं यायचं, आणि वाफ्याच्या तोंडाशी बसून मातीनं दार उघडायचं-मिटायचं काम, दारं धरणं म्हणतात ते, त्याच्याकडे असे. आपल्या वाफ्यात पाणी घेऊन झालं की दार मिटून ते चुलत्याच्या कांद्याकडे सोडायचं. तो ते मिटायचा. पण मिटण्याआधी पाटात आपली टाच रोवून उभा राहायचा, मोटेच्या दोन खेपा होईतो; तेवढं पाणी अडून आपल्याच वाफ्यात वळायचं. कुणी आलं तर पाय धुतोय. पाय धुण्याला कुणाची हरकत? एके दिवशी त्याची आई शरणम्मा भाकरी घेऊन आली ती मागं येऊन उभी राहिली. तिनं त्याची टाच बघितली, चुलत्याचा पांढरा पडलेला वाफा बघितला. आई घरात कानडीच बोलायची. ती एवढंच म्हणाली, "बिडु." बिडु म्हणजे सोड. पाणी सोड? की जाऊ दे, कुणी बघितलं नाही? तिनं टोपली डोक्यावरून उतरवली आणि भाकरी मोडली. त्यानं पुढं कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर एकच अर्थ उरला असता. त्या वर्षी चुलत्याचे कांदे सुपारीएवढे झाले, आणि चुलती सगळ्यांना सांगत होती की बियाणंच हलकं निघालं.

मंगळवारी साहेबांच्या टांग्यात तो टांगेवाल्याशेजारी बसला. बांध दिसायला लागला तसा वारा ओला झाला. पाणी इतकं कधी बघितलं नव्हतं त्यानं. तो आकडे लिहिणारा माणूस. एकवीस फूट म्हणजे एवढं असतं? वीस फूट दहा इंचांवर आलेलं ते पाणी हलत नव्हतं, नुसतं रेललं होतं, ओसरीला टेकून बसलेल्या थोरल्या माणसासारखं. सांडव्यावर फळ्यांची रांग, काळी, गच्च. फटींतून पाण्याच्या पातळ चिळकांड्या. आणि दूर काठाला, जिथं शेतं असायला हवी होती तिथं, पाण्यावर हिरव्या टोकांचे ठिपके. रेघेत होते ते ठिपके, म्हणून कळायचं की पेरलेले आहेत. बांधावर माणसं बसलेली. मायाप्पा घोंगडी खांद्यावर टाकून उभा, शेजारी त्याची बहीण केराबाई. नवऱ्यामागं माहेरच्या आधारानं मेंढरं आणि तीन एकर गाळपेर सांभाळणारी, उंच, हाडापेरानं भावासारखीच. हिरव्या ठिपक्यांतली पहिली रेघ तिची होती. सांडव्याला सगळ्यात जवळची. चन्नवीरला हे माहीत नव्हतं. म्हणजे मायाप्पानं गुरुवारी दोर सोडले तेव्हा त्याला समोर काय दिसत होतं, हे आता त्याला दिसलं, आणि त्यानं नजर पट्टीकडे वळवली. पट्टी पाण्यात सरळ उभी होती. वर काही नाही, खाली काही नाही, नुसती एक उभी रेघ.

साहेब दगडावर रुमाल टाकून बसले. "बोल मायाप्पा. कुणी सांगितलं तुला?"

"अप्पांनी सांगितलं सायेब. टेलिफूनवर."

"काय सांगितलं?"

"फळ्या सोडा."

साहेबांनी छडीनं बुटाची टाच ठोकली. "अरे, दवंडी झाली नाही हे तूच म्हणालास. त्यावर सोड म्हटलं तर राहू दे, नाद सोड, एवढं कळत नाही? बावीस वर्षं मेंढरं राखलीस की तलाव?"

पलीकडे कुणी तरी हसलं. मायाप्पा हसण्याकडे बघून म्हणाला, "मेंढरं बरी. ती दोन अर्थाचं बोलत न्हाईत." मग साहेबांकडे वळून, "कळतं की सायेब. अप्पा 'सोड' म्हनले असते तर मी सोडलंच असतं. म्हंजे दोराला हात लावला नसता. पर अप्पा 'सोडा' म्हनले. मला."

"मग?"

"बावीस वर्सं झाली. अप्पा काय, हेडकलारक काय, पट्टेवाला काय, समदी मला अरेतुरे करत्यात. मायाप्पा पानी सांग, मायाप्पा मोरी उघड. माज्या लेकाच्या वयाची पोरं करत्यात, मला त्याचं काय न्हाय. आन त्या दिवशी 'सोडा'. मी म्हनलं, हे अप्पाचं बोलनं न्हवं. शेजारी सायेब उभं असतील, न्हायतर वरनं कागद आला आसंल. मला कोन कशाला 'सोडा' म्हनंल? म्या दुसऱ्यांदा इचारलं. तवाबी तेच. मोठ्या हुकमाला मोठा शब्द, आसं वाटलं. समोर भनीचं रान हुतं सायेब. लहान शब्दावर म्या ते बुडवलं नसतं."

आता सगळ्यांनी चन्नवीरकडे बघितलं. साहेबांच्या चेहऱ्यावर एक बारीक गंमत आली होती. हिशेब जुळत नसताना एका आण्याची चूक सापडावी तशी. "चला, सोपं झालं. चन्नवीर, तुम्ही याला एरवी काय म्हणता?"

"अरेतुरेच म्हणतो साहेब."

"मग त्या दिवशी काय म्हणालात? सोड, की सोडा?"

एक काना. चन्नवीरला तो दिसत होता. अक्षराशेजारी उभी असलेली एक रेघ, पट्टीसारखी, पाण्यात. ती आहे म्हणावं तर मायाप्पाची चूक ही चूक राहत नव्हती. माणसानं मान दिला आणि दुसऱ्यानं तो हुकूम समजून घेतला, यात मायाप्पाचा दोष कुठं? मग साहेब पुढचं विचारणार: का दिलात मान? त्याच दिवशी का? आणि त्याचं उत्तर चन्नवीरकडे होतं, ते त्याला आत्ता इथं, ओल्या वाऱ्यात, पहिल्यांदा कळत होतं. एखाद्याचं काही घ्यायचं असलं की माणूस त्याला अहोजाहो करतो. सावकार करतो, कोर्टातला वकील करतो. तोंड आपोआप मऊ होतं. त्यानं तो काना ठरवून लावला नव्हता. तो आतून आला होता, त्याच्याआधीच सगळं ठाऊक असलेल्या कुठल्या तरी जागेतून. टाच जशी आपोआप पाटात रोवली जायची. म्हणजे त्याला माहीत होतं. रिसीव्हर कानाला गार लागला तेव्हाच माहीत होतं. कोनाड्यातला अभ्रा त्याच्या डोळ्यांपुढं आला, त्यात खोचलेली सुई. केराबाई त्याच्याकडे बघत नव्हती. ती पाण्याकडे बघत होती, ठिपके मोजावे तशी.

"सोड म्हणालो," चन्नवीर म्हणाला. "नेहमीसारखं."

मायाप्पानं त्याच्याकडे बराच वेळ बघितलं, रागानं नाही. पट्टी वाचावी तसं, डोळे बारीक करून, इंचाइंचानं. मग घोंगडीची घडी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "आसंल सायेब. अप्पा लिवनारं मानूस. काना द्याचा का न्हाय ते त्यांला ठावं. माज्याच कानाचा दोस." कुणी तरी खुसखुसलं. साहेबही हसले. चौकशी संपल्याची ती खूण होती.

मग कागद झाले. चन्नवीरच लिहीत होता, दुसरं कोण लिहिणार? राखणदारानं तोंडी सूचना चुकीची ऐकली, सबब अमावास्येच्या आत खोपटं मोकळं करावं. दौत बांधाच्या दगडावर, कागद गुडघ्यावर. काठच्या लोकांचे जबाब घेतले ते एकाच मजकुराचे: जमीन सरकारची आहे हे ठाऊक होतं, पाणी चढल्यास तक्रार करणार नाही या बोलीवर कसत होतो. एकेक जण आला, अंगठा उमटवून गेला. केराबाईची पाळी आली तेव्हा तिनं अंगठा पुढं केला आणि शाई लागल्यावर तसाच हवेत धरला. "काय लिवलंय?" चन्नवीरनं वाचून दाखवलं. ती म्हणाली, "बराबर हाय. जमीन सरकारची. पानी सरकारचं. बी तेवडं माजं हुतं." साहेब म्हणाले, बियाण्याचं काय एवढं, मोंढ्यात मिळतं. "मिळतं की," केराबाई म्हणाली. "ते मिळतं ते. ह्ये माज्या सासूनं निवडलेलं हुतं, कणसात कणीस बगून. राख लावून उतरंडीत ठेवायचो. यंदा वल चांगली म्हनून पेरलं समदं. मूठबी राखली न्हाय." तिनं अंगठा टेकला, उचलला, आणि लुगड्याला पुसायच्याऐवजी वाकून तलावात बुडवला. शाई पाण्यात क्षणभर निळी दिसली. मग भावाकडे वळून, "चल. मेंढरं तानलीत." समोर एकवीस फुटांचा तलाव असताना मेंढरं तहानलीत असं कोण म्हणतो, असं चन्नवीरच्या मनात आलं. मग त्याला दिसलं की ती तलावाच्या उलट्या अंगाला, ओढ्यातल्या झऱ्याकडे निघाली होती.

दिवाळीनंतर खुर्ची मिळाली. उशीही झाली. वेत खरंच बोचत होता, उशीवरूनही. नवा राखणदार लिहायला-वाचायला शिकलेला होता. तो टेलिफोनवर 'होय जी' म्हणायचा, आणि चन्नवीर त्याच्याशी बोलताना क्रियापदापाशी आला की अडखळायचा, एक शब्द तीनतीनदा सांगायचा: वर काढ, वर, खाचेतून वर. पट्टेवाले आपसात हसायचे की हेडक्लार्क झाल्यापासून अप्पा तोतरे झाले. शुक्रवार पेठेच्या तोंडाशी ती गाडी असायची म्हणून तो पलीकडच्या बोळातून यायला लागला, चार गल्ल्यांचा वळसा. माघात एकदा मेंढरांचा कळप कचेरीपुढून गेला. त्यानं खुर्चीचे दोन्ही हात धरून बाहेर बघितलं, पण कळपामागं होती ती दुसरीच माणसं.

वैशाखात साहेबांचा रिपोर्ट छापून आला. नागझरी तलाव, एकवीस फूट दोन इंच. वाचायला खरंच बरं वाटत होतं. त्या उन्हाळ्यात शुक्रवार पेठेत नळ रोज दहा मिनिटं जास्त आला, दाक्षायणीच्या दोन घागरी जादा भरल्या. साहेबांना रिपोर्टातली रेघ मिळाली, शहराला फूटभर पाणी मिळालं, चन्नवीरला दोन हात मिळाले. देणं कुणाकडून आलं ते पाहायचं तर मायाप्पाची बावीस वर्षं आहेत, पण तीही पगाराची होती, सरकारचीच म्हणायची. जमीन सरकारची, पाणी सरकारचं, फळ्या सरकारच्या, शब्दसुद्धा सरकारी तारेवरून गेलेला. बी तेवढं केराबाईचं होतं.